सध्या हाताशी कोणतं पुस्तक आहे? (अर्धवट वाचलेलंही चालेल)

पानखूण
रविवार, सकाळी ८.१०

मंडळी,

पुस्तक वाचून झालं की त्याच्याबद्दलचं मत घडी घालून कपाटात जातं. वाचत असताना मात्र रोज काहीतरी वेगळंच वाटत असतं. काल दोन पानांत डोळा लागला, आज पहाटे त्याच पुस्तकाने झोप उडवली. ते तेव्हाचं तेव्हा कुणाला तरी सांगावंसं वाटतं. म्हणून हा धागा काढतोय. हाताशी जे पुस्तक असेल, कितव्याही पानावर असा, त्याबद्दल मोकळेपणाने लिहा. परीक्षण नको. पुढे मत बदललं तर इथेच येऊन तसं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचतोय. वाचनालयाची प्रत आहे, शिलाई सुटत आलेली, मधली काही पानं हाताने धरून वाचावी लागतात. पन्नाशी उलटली तरी हे पुस्तक राहून गेलं होतं. १८५७च्या बंडाची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत, एवढंच ऐकून होतो. इतिहासाचं पुस्तक आहे, सवडीने वाचू, म्हणत वर्षं गेली.

वाचायला घेतलं तर निघाली एका कर्जबाजारी घरातल्या भिक्षुकाची गोष्ट. पेणजवळचं वरसई गाव. घरावर देणं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची बातमी येते. मोठा यज्ञ म्हणजे मोठी दक्षिणा. चार पैसे मिळतील, देणं फिटेल, या हिशेबाने तिशीच्या आतबाहेरचा हा माणूस रामभट काकांबरोबर उत्तरेला निघतो. महूच्या आसपास शिपाईच त्यांना सांगतात की आता मोठा दंगा होणार. तरी हे दोघे पुढे जातात. मला तिथे थांबून विचार करावासा वाटला. घरी देणेकरी बसलेले असताना रिकाम्या हाताने परत फिरणं किती अवघड असेल! इतिहासाच्या पुस्तकात बंडाची कारणं असतात. हा माणूस त्या बंडात का सापडला त्याचं कारण घरातल्या देण्यात आहे, आणि ते त्याने सरळ लिहून टाकलंय.

आता झाशीच्या वेढ्यापर्यंत पोचलोय. इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज वेशीबाहेर आहे, तोफा चालू आहेत. मार्च १८५८. विष्णुभट आत शहरात आहेत. शहर पडल्यानंतरची पानं मी काल रात्री वाचली आणि पुढे जाऊ शकलो नाही. माणसं मारली जातात, घरं लुटली जातात, आणि त्या सगळ्यात तो राजवाड्यातल्या पुस्तकालयाची नासधूस झाल्याचंही लिहितो. स्वतःचा जीव धोक्यात, जवळची कमाई गेलेली, अशा वेळी त्याला पोथ्यांचं वाईट वाटतं. वेदविद्येवर पोट असलेल्या माणसालाच ते तसं दिसणार.

भाषेची भीती वाटत असेल तर सांगतो: पहिली वीस पानं जड जातात. मग कानाला सवय होते, आणि घरातला एखादा म्हातारा ओटीवर बसून सांगतोय असं वाटू लागतं.

तुमचं काय चाललंय?

गोदाकाठची
रविवार, सकाळी ११.३५

धाग्याची कल्पना फार आवडली, पानखूण काका.

माझ्या हाताशी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे. खरं तर आईच्या कानाशी आहे. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अजून दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. वाचायचं नाही म्हटल्यावर ती कासावीस झाली. म्हणून दुपारी जेवणं उरकली की मी तिला वाचून दाखवते. तिने हे पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी वाचलंय, मी पहिल्यांदा वाचतेय.

आणि योगायोग बघा. तुमच्या पुस्तकातलं सत्तावन साल माझ्या पुस्तकातही पहिल्याच पानांत आलं. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांनी त्याचा धसका घेतला आणि त्यानंतर त्यांचं सोवळं हाताबाहेर गेलं. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही, बायकापोरांचा नुसता छळ. लक्ष्मीबाई हे सांगताना हसवतात. मी वाचताना हसत होते. आई मात्र गप्प होती. मग म्हणाली, "थांब जरा. तुझ्या पणजीचं असंच होतं. तिचा पहिला मुलगा पटकीने गेला, त्यानंतर ती हात धूतच राहायची." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक मांडीवर तसंच राहिलं आणि तासभर आम्ही पणजीबद्दल बोललो.

मोठ्याने वाचताना एक गोष्ट कळली. या बाईचं वाक्य कुठेही दम लागू देत नाही. बोलतात तसंच लिहितात. हल्लीची कितीतरी पुस्तकं मोठ्याने वाचायला गेलं तर जीभ अडखळते.

आम्ही आता १८९५पर्यंत आलोय. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. पुढे १९००मध्ये त्यांनी स्वतःही ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे मला ठाऊक आहे, पण त्या तिथपर्यंत कशा पोचल्या ते वाचायचंय. नवऱ्यावर रागही आहे आणि जीवही आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आहे. मला लक्ष्मीबाईंचा फार अभिमान वाटतोय.

मेंढवाडा
रविवार, दुपारी ३.०५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, माण तालुक्यात. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी 'बनगरवाडी' वाचतो. यंदाची ही चौदावी वेळ असेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. धनगरांच्या वाडीवर पहिल्या नेमणुकीवर आलेला पोरसवदा मास्तर. वाडीला शाळा नकोच आहे, पोरं मेंढरांमागे गेलेली. हळूहळू मास्तर शाळेपेक्षा बाकीच्याच कामाचा होऊन बसतो. कुणाचा कागद वाच, कुणाचं भांडण मिटव, कुणाची वस्तू तालुक्याहून आण. माझ्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हे माझ्यावरच लिहिलंय की काय. मला वाडीच्या कारभाऱ्यासारखा म्हातारा मात्र भेटला नाही. ज्यांना भेटतो ते शिक्षक नशीबवान.

यंदा अडकलो ते शेकूच्या जागी. एकच बैल आहे, जोडीला दुसरा नाही, पेरणी निघून चाललीय, तर त्याची बायको बैलाच्या जोडीला जुवाला खांदा लावते. लेखकाने त्यावर एक शब्द जास्त लिहिलेला नाही. बाई ओढते, रान नांगरून होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते धाडस वाटलं होतं. आता माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया डोळ्यांपुढे येतात आणि पुस्तक खाली ठेवावं लागतं.

दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच कुटुंबं मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. पटावर पोरं असतात, बाकावर नसतात. हंगामी वसतिगृह चालवतो, काही राहतात, काही आईशिवाय राहत नाहीत. त्या महिन्यांत या कादंबरीचा शेवट मला वाचवत नाही. दुष्काळात वाडी रिकामी होते आणि मास्तर मागे उरतो. म्हणून वाचायचं ते जूनआधी, पोरं सगळी असताना.

अर्धीबाजू
रविवार, रात्री ९.५०

मनापासून सांगते, मी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' तिसऱ्यांदा खाली ठेवतेय. साठाव्या पानापर्यंत गेले. पांडुरंग सांगवीकर वडिलांचे पैसे उडवतोय, मेसच्या भानगडीत पडतोय, स्नेहसंमेलनात पडतोय, आणि मला त्याचा राग येतोय. मुलगी असती आणि असं वागली असती तर तिला दुसऱ्याच महिन्यात घरी आणून बसवलं असतं, हे डोक्यातून जात नाही. १९६३ साली ही भाषा नवी होती, मान्य. मला ती आज पुरत नाही. ज्यांना हे पुस्तक जिवाभावाचं आहे त्यांनी सांगावं, पुढे काय आहे?

केळीचं पान
रविवार, रात्री ११.१५

@अर्धीबाजू, तुमचा राग खरा आहे. मी जळगाव जिल्ह्यातला, यावल तालुक्याच्या बाजूचा. नेमाड्यांचं सांगवी आमच्यापासून लांब नाही. मी बारावीनंतर पुण्याला शिकायला आलो आणि पहिल्या वर्षी हे पुस्तक हातात पडलं. वसतिगृहाच्या खोलीत आपल्या तोंडून 'शे', 'व्हता' निघालं की बाकीची पोरं कशी बघतात, ते ज्याने भोगलंय त्याला सांगवीकरचा उधळेपणा वेगळा दिसतो. तो पैसे उडवतो कारण त्याला त्या पोरांत बसायचंय. मीही उडवले. केळीच्या पट्टीचे आलेले पैसे वडील मनीऑर्डरने पाठवायचे, आणि मी ते हॉटेलात पोरांना चहा पाजण्यात घालवायचो. आजही त्याची बोच आहे.

साठाव्या पानावर सोडू नका. मनीपर्यंत जा. धाकटी बहीण देवीने जाते तो भाग वाचा. तिथे त्याचं बोलण्यातलं सगळं अवसान गळून पडतं. तो भाग वाचून नाही आवडलं, तर पुस्तक बंद करा, मी काही म्हणणार नाही.

मुलीला घरी आणून बसवलं असतं, हे तुम्ही लिहिलंत ते मात्र माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. माझ्या बहिणीला बारावीनंतर पुढे पाठवलं नाही. एवढी वर्षं हे पुस्तक आपलं म्हणत आलो आणि तिला ते कधी वाचायला दिलं नाही. या दिवाळीला माझी प्रत तिला देतो.

अर्धीबाजू
सोमवार, सकाळी ७.२०

@केळीचं पान, मनीपर्यंत वाचते. तुमच्या बहिणीला काय वाटलं ते इथे नक्की लिहा. मला त्यांचं मत हवंय.

रानपिंगळा
सोमवार, दुपारी १.४०

मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण'. मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावबांध घरापासून तासाभरावर. जून २०२५मध्ये चितमपल्ली गेले तेव्हा हे आत्मचरित्र पुन्हा काढलं, तेव्हापासून थोडं थोडं वाचतोय. हे भरभर वाचायचं पुस्तक नाही. दिवसाला पाच पानं, बस.

सोलापूरचा मुलगा, कोइमतूरला वनविद्या शिकतो, आणि पुढे सगळी नोकरी जंगलात. पण अधिकाऱ्याची ऐट कुठे नाही. गोंड, माडिया, ढिवर, पारधी जे सांगतील ते वहीत उतरवायचं, त्यांचेच शब्द वापरायचे. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा रान जाणणारा माणूस भेटला की त्याच्या पायाशी बसायचं. शब्दच नसेल तर घडवायचा: बगळ्या-करकोच्यांची वीण जिथे होते ते सारंगागार, कावळ्यांची वसाहत ते काकागार. आमच्या तलावाकाठच्या चिंचेवर दरवर्षी बगळे उतरतात. आम्ही लहानपणी त्या झाडाला नुसतं 'घाणीचं झाड' म्हणायचो, खाली विष्ठेचा सडा असायचा म्हणून. आता माझा मुलगा त्याला सारंगागार म्हणतो, आणि ते झाड तोडायचं निघालं तेव्हा गावात त्याच मुलाने पहिला आवाज काढला. शब्द असला की माणूस भांडू शकतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.

लेकीचा बाबा
सोमवार, रात्री १०.३०

मला सल्ला हवाय. (रसभंगाची सूचना: 'पाडस' वाचलं नसेल तर हा प्रतिसाद सोडून द्या.)

लेक पाचवीत आहे. रोज रात्री तिला एक प्रकरण वाचून दाखवतो. सध्या राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' चालू आहे. मूळ पुस्तक मार्जोरी रॉलिंग्जचं, फ्लोरिडातल्या रानातल्या एका कुटुंबाचं, १९३८चं. पण पटवर्धनांची मराठी अशी आहे की ज्योडी शेजारच्या वाडीतला वाटतो.

आम्ही अशा जागी आहोत: बापाला साप चावला, विष उतरवायला त्याने हरिणी मारली, आणि पोरक्या पाडसाला ज्योडी घरी घेऊन आला. त्याचं नाव फ्लॅग ठेवलंय. लेक इतकी रमलीय की खालच्या मजल्यावरच्या मांजरीच्या पिल्लालाही फ्लॅगच म्हणते. काल पांघरूण ओढून घेताना विचारलं, "बाबा, फ्लॅग मोठा झाल्यावर त्यांच्याकडेच राहील ना?"

मी ते पुस्तक चौदाव्या वर्षी वाचलंय. फ्लॅग मोठा होतो, शेतातले मक्याचे कोंब खातो, पुन्हा पेरलेलेही खातो, आणि त्या घराचं पोट त्या मक्यावर आहे. पुढे काय होतं ते ज्यांनी वाचलंय त्यांना सांगायला नको. ते मी माझ्या आवाजात तिला कसं वाचून दाखवू? तिथेच थांबवावं का? शेवट बदलून सांगू का?

गोदाकाठची
सोमवार, रात्री ११.०५

शेवट बदलू नका, दादा. कधीतरी ती स्वतः वाचेल, आणि बाबांनी आपल्याला खोटं वाचून दाखवलं हे तिला कळेल. ते फ्लॅगच्या जाण्याहून जास्त लागेल.

दूरदेशी
मंगळवार, पहाटे ४.१५ (इथे सकाळ आहे)

माझं मत वेगळं. थोडं थांबा. दोन वर्षं थांबलात तर पुस्तक पळून जात नाही. मी लहान असताना मोठ्या भावाने हौसेने वाचून दाखवलं होतं, आणि मी कित्येक दिवस आईशी बोलले नव्हते, कारण बंदूक आधी ज्योडीची आई उचलते. दहाव्या वर्षी मला मक्याची किंमत कळत नव्हती, फक्त आईचा राग आला.

माझ्या हाताशी इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' आहे. मेलबर्नमध्ये आम्ही पाच जणी शनिवारी फोनवर एकत्र वाचतो. भीष्मावरचा लेख दोन शनिवार चालला. आमच्यातली एक आयुष्यभर घरच्या मोठ्यांच्या प्रतिज्ञा निभावत आलेली, ती म्हणाली, बाईंनी भीष्माला जे विचारलं ते विचारायची माझी हिंमत झाली नसती. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन, एकेका माणसाला समोर बसवून त्या विचारत जातात. द्रौपदीच्या लेखाच्या शेवटी मात्र त्या स्वतःची कल्पना मोकळी सोडतात, आणि तसं प्रांजळपणे सांगतातही. भीम आणि द्रौपदीचं ते शेवटचं पान मी इथे सांगणार नाही. आम्ही पाचही जणी फोनवर रडलो.

मेंढवाडा
मंगळवार, सकाळी ६.५०

@लेकीचा बाबा, मी वर्गात 'पाडस' वाचून दाखवलंय, सहावीला. माझ्या पोरांच्या घरी जनावरं आहेत. बोकड विकला जातो, कालवड विकली जाते, पोरं रडतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येतात. त्यांनी शेवट ऐकून घेतला. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, दाव्याला बांधायचं होतं." दुसरा म्हणाला, "उडी मारून गेलं असतं." अर्धा तास कुंपण किती उंच हवं यावर बोलणं झालं. शहरातल्या मुलीला कदाचित हे अंगणात बघायला मिळालेलं नाही. म्हणून दूरदेशी ताई म्हणतात तेही पटतं. एक करा: मका खाण्याचा भाग घाईने वाचू नका. घरात धान्य किती उरलंय, पुढचं पीक कधी येणार, हे तिला नीट कळू द्या. लेखिकेने ते सगळं दिलंय. आई बंदूक का उचलते ते मग आपोआप कळतं.

अर्धीबाजू
मंगळवार, सकाळी ९.००

तिलाच विचारा. "पुढे फार वाईट वाटणारा भाग आहे, ऐकायचा का?" एवढं सांगा. ती ठरवेल.

कोरीवही
मंगळवार, दुपारी १२.२५

वाचतेय सगळं. धागा साठवून ठेवला आहे.

@पानखूण, 'माझा प्रवास'ची कोणती आवृत्ती घ्यावी? अप्पा बळवंत चौकात दोन वेगवेगळ्या दिसल्या, दोन्हीतली भाषा वेगळी वाटली.

पानखूण
मंगळवार, रात्री ९.१५

@कोरीवही, भाषा वेगळी वाटली ते बरोबर आहे. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे १८८३च्या सुमारास लिहून काढलं. इंग्रजी अमलात छापायची भीती होती, म्हणून ते लेखक गेल्यावर, १९०७मध्ये आलं. छापताना वैद्यांनी भाषेवर हात फिरवला, बदल केले. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६मध्ये आवृत्ती काढली. मूळ बरहुकूम असं ज्यावर लिहिलंय ती घ्या. वाचायला थोडी खडबडीत आहे, पण वरसईचा माणूस बोलतोय तो त्यातच.

आणि माझं वाचून झालं. काल रात्री दीड वाजता.

दोन प्रसंग सांगतो. झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर विष्णुभटांना राणी भेटते. विहिरीवर. ती धुळीने माखलेली, तहानलेली. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मातीच्या मडक्यातून ओंजळीने पाणी पिते. झाशीच्या राणीचे पुतळे मी गावोगावी पाहिलेत, सगळे घोड्यावरचे. यापुढे मला ती ओंजळ आठवेल.

दुसरा प्रसंग शेवटचा. कमाई सगळी गेलीय. दक्षिणा गेली, लूट झाली, जीव कसाबसा राहिलाय. आणि हा माणूस काय करतो, तर आईवडिलांना स्नान घालायला गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतो आणि पायी निघतो. ज्या देण्यासाठी घर सोडलं ते काही फिटत नाही. कावड मात्र घरापर्यंत पोचते, आणि तो आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घालतो. वडील जाऊन मला अकरा वर्षं झाली. ते पान वाचून मी उठलो, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायको जागी झाली, काय झालं म्हणाली. मी तिला तेच पान मोठ्याने वाचून दाखवलं.

रविवारी मी लिहिलं होतं की ही कर्जबाजारी घरातल्या माणसाची गोष्ट आहे. ते मत कायम आहे. फक्त तेव्हा मला देणं म्हणजे पैशाचंच वाटलं होतं.

गोदाकाठची
गुरुवार, दुपारी ४.००

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'स्मृतिचित्रे' झालं की पुढे तेच आणायला सांगितलंय तिने. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणतात महिन्याभरात ती स्वतः वाचू शकेल. तिला मी म्हटलं, मग माझी सुटका. तर म्हणाली, नाही, दुपारचं तूच वाचायचं.

अर्धीबाजू
शुक्रवार, रात्री १०.४५

मनीचा भाग वाचला. @केळीचं पान, तुम्ही म्हणालात तसंच झालं. सांगवीकरवरचा माझा राग पूर्ण गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण त्या पानांवर मी त्याच्या शेजारी बसून होते. आता पुस्तक संपवते. बहिणीला प्रत दिवाळीपर्यंत कशाला थांबवता, टपालाने पाठवा.

केळीचं पान
शुक्रवार, रात्री ११.३०

उद्या सकाळी टाकतो.

लेकीचा बाबा
तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी २.२०

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण पुस्तक काल संपलं.

अर्धीबाजू ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला विचारलं. तिने रात्रभर विचार करून सकाळी शाळेला निघताना सांगितलं, "वाच. पण आईलापण बोलाव." मग तिघं बसलो. मेंढवाडा गुरुजींनी म्हटल्याप्रमाणे मक्याचा भाग सावकाश वाचला. घरात किती पोती उरली याचा हिशेब तिने बोटांवर केला. "पुरणार नाही," असं तीच म्हणाली.

तो प्रसंग वाचताना माझा आवाज लागेना. बायकोने पुस्तक हातातून घेतलं आणि पुढचं पान तिने वाचलं. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग रडली. दूरदेशी ताई, तुमचं बोलणं माझ्या मनात होतंच. ती आईवर रागावली नाही, तिच्याच कुशीत झोपली. पण मध्येच उठून म्हणाली, ज्योडीच्या आईला पण वाईट वाटलं असेल ना, ते पुस्तकात कमी लिहिलंय.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ज्योडी झऱ्यात छोटी पाणचक्की करतो. शेवटाकडे पुन्हा करतो, ती फिरते, पण त्याला पूर्वीसारखी गंमत वाटत नाही. आज सकाळी लेक म्हणाली, मला ती चक्की करायचीय. सोसायटीच्या मागे नारळाची झावळी पडली होती. तिच्या पात्या कापून आडव्या खोचल्या, पेरूच्या दोन बेचक्या मातीत रोवल्या, आणि टाकीच्या ओसंडणाऱ्या पाण्याखाली धरली. तीनदा कोलमडली. चौथ्यांदा बेचक्या जवळजवळ रोवल्यावर फिरली, आणि टाकी भरून पंप बंद होईपर्यंत फिरत राहिली.